पंधरा किलो चरबी नळीने काढता येईल का?

प्रश्न : माझे वय ३९. उंची पाच फूट एक इंच, वजन ७४ किलो. दोन्ही बाळंतपणे सिझेरियनने झाली आणि तेव्हापासून सुटलेले पोट आत गेलेच नाही. साखर ‘काठावर’ आहे असे डॉक्टर सांगतात. एका मैत्रिणीने पुण्याला जाऊन लायपोसक्शन करून घेतले, तिसऱ्या दिवशी ती घरात हिंडत-फिरत होती. भाचीचे लग्न दोन महिन्यांवर आले आहे. तेवढ्यात पंधरा किलो चरबी काढून घेतली तर वजन साठाच्या आत येईल आणि साखरही उतरेल, असा माझा हिशेब. मशीनने चरबी वितळवतात आणि ती लघवीवाटे निघून जाते, असेही ऐकले. घरचे मात्र जिवाची भीती घालतात. यातले खरे काय?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तुमच्या हिशेबात किलो आणि इंच यांची गल्लत झाली आहे. ती तुम्हा एकटीचीच होते असे नाही. लायपोसक्शनची जाहिरात वाचणाऱ्या बहुतेकांची होते, आणि जाहिरात करणाऱ्यांना ती दुरुस्त करायची घाई नसते.

आधी वजनाचे बघू. चरबी पाण्यापेक्षा हलकी. एक लिटर चरबी साधारण ९०० ग्रॅम भरते. म्हणजे पंधरा किलो काढायची तर सोळा-सतरा लिटर उपसावी लागेल. प्रत्यक्षात एका वेळी बाहेर काढायच्या द्रवाची सर्वसाधारण मर्यादा ५ लिटर धरली जाते. त्यापुढे गेले की ती मोठी शस्त्रक्रिया ठरते आणि किमान एक रात्र रुग्णालयात देखरेखीखाली राहावे लागते. शिवाय हे पाच लिटरही निव्वळ चरबीचे नसतात. आधी आत सोडलेले सलाईन आणि थोडे रक्त त्यात मिसळलेले असते. ते वजा केले तर हाती लागते तीन-साडेतीन किलो चरबी. म्हणजे ७४ चे ७१. गंमत म्हणजे पहिल्या काही दिवसांत काट्यावर वजन वाढलेलेही दिसते, कारण सूज आणि आत मुरलेले पाणी.

मग लोक शस्त्रक्रिया करून वीस-तीस किलो उतरवतात ते कसे? ती शस्त्रक्रिया वेगळी. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत करून घेतली ती, किंवा इजिप्तची इमान अहमद २०१७ मध्ये ज्यासाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली ती, म्हणजे बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया. तिच्यात पोटावरची चरबी काढत नाहीत. जठर लहान करतात किंवा अन्नाची वाट बदलतात. मग भूक आणि खाणे कमी होते आणि वजन महिनोन्‌महिने उतरत जाते. आपल्याकडे दोन्हींना सर्रास ‘पोट कमी करायचे ऑपरेशन’ म्हणतात, तिथेच घोटाळा होतो.

लायपोसक्शनचे माप काट्यावर नसते, शिंप्याच्या टेपवर असते. वजन बरेच दिवस स्थिर आहे, बाकी अंग बेताचे आहे, पण कंबरेची वळी, मांड्यांची बाहेरची बाजू, दंड किंवा हनुवटीखालचा भाग व्यायाम आणि पथ्य करूनही हलत नाही, अशा माणसासाठी ही सोय आहे. त्याच्या बाबतीत दोन लिटर चरबी गेली तरी कपड्यांचे माप बदलते. जो मुळातच बराच स्थूल आहे, त्याच्या अंगावरून तीन किलो गेले तर ते फारसे कोणाला कळतही नाहीत.

आता साखरेचे. पोटावर चरबी दोन ठिकाणी असते. एक कातडीच्या लगेच खाली, चिमटीत धरता येते ती. दुसरी पोटाच्या स्नायूंच्या आत, आतडी आणि यकृताभोवती. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराशी अधिक नाते आहे ते या आतल्या चरबीचे, आणि लायपोसक्शनची नळी तिथे जात नाही. जाऊही नये, गेलीच तर तो अपघात ठरतो. ‘साखर उतरेल’ हे मानणे किती चुकीचे, याची रीतसर तपासणी झालेली आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सॅम्युएल क्लाइन आणि सहकाऱ्यांनी १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरची सुमारे नऊ-दहा किलो चरबी लायपोसक्शनने काढली आणि दहा-बारा आठवड्यांनी सगळे मोजून पाहिले. इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, कशातही म्हणण्यासारखा फरक नव्हता. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झाले. (नऊ-दहा किलो कसे निघाले, असे तुम्ही विचाराल. संशोधनासाठी, मोठ्या रुग्णालयात, कडक देखरेखीखाली निघाले. गल्लीतल्या क्लिनिकने त्याचा दाखला देऊ नये.)

त्याच वर्षी आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे जॉन यडकिन यांच्याबरोबर ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एक फोटो आणि दोन आकडे छापले. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा तंतोतंत सारखा : २२.३. अंगातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! बघायला दोघेही सडपातळच. भारतीय माणूस दिसतो बारीक, पण आत चरबी बाळगून असतो, हे याज्ञिकांनी वर्षानुवर्षांच्या कामातून दाखवून दिले. आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात ती म्हणूनच. तुमचा बीएमआय येतो ३०.८. साखर काठावर आहे, म्हणजे तुमचा खरा मामला आतल्या चरबीशी आहे. त्यावर चालणे, खाणे आणि गरज पडली तर औषधे, हाच उपाय. टिर्झेपेटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजन उतरवणारी इंजेक्शने २०२५ पासून त्या कामासाठी भारतात मिळू लागली आहेत. पण ती मधुमेहाच्या डॉक्टरांकडूनच घ्यायची, मैत्रिणीच्या सल्ल्याने नाही.

चरबी परत येते का, हे तुम्ही विचारले नाही, पण विचारायला हवे होते. काढलेल्या पेशी गेल्या त्या गेल्या. उरलेल्या पेशी मात्र फुगायला मोकळ्या असतात, आणि त्या फक्त पोटावर नसतात. ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ३६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोटावरची थोडी चरबी काढल्यावर निम्म्या स्त्रियांना चार महिने व्यायाम करायला लावला, निम्म्यांना नाही. व्यायाम न करणाऱ्यांची पोटाच्या आतली चरबी सहा महिन्यांत सुमारे दहा टक्क्यांनी वाढली. व्यायाम करणाऱ्यांची वाढली नाही. म्हणजे बाहेरची निरुपद्रवी चरबी पैसे देऊन काढली आणि तिच्या जागी आतली घातक चरबी आली. ‘आता ऑपरेशन झालंय, पथ्य कशाला’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मशीनने चरबी वितळवतात ही बातमी दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होऊन आलेली दिसते. लायपोसक्शनमध्ये लेझर किंवा अल्ट्रासाउंडची उपकरणे वापरतात हे खरे. त्यांनी चरबी सैल होते, पण ती शेवटी नळीनेच ओढून काढावी लागते आणि बरणीत जमा होते. लघवीवाटे काही जात नाही. दुसरा प्रकार चरबी गोठवण्याचा. त्यात कापाकापी नसते. थंडीने काही पेशी मरतात आणि शरीर त्या दोन-तीन महिन्यांत हळूहळू साफ करते. त्या जागेची चरबी साधारण पाचवा हिस्सा कमी होते, त्याहून मोठी अपेक्षा नको. क्वचित उलटेही होते : चरबी कमी होण्याऐवजी तिथेच घट्ट होऊन वाढते. लिंडा इव्हँजेलिस्टा या नामांकित मॉडेलने आपल्या बाबतीत असे झाल्याचे २०२१ मध्ये जाहीर केले होते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत काय होते ते थोडे समजून घ्या, कारण धोके त्यातूनच उगम पावतात. पॅरिसमध्ये १९२० च्या दशकात एका नर्तिकेच्या पायाची चरबी खरवडून काढण्याचा प्रयत्न झाला आणि तिचा पाय कापावा लागला. मग पन्नासेक वर्षे कोणी फारसे त्या वाटेला गेले नाही. सत्तरच्या दशकात रोमचे फिशर पिता-पुत्र आणि पॅरिसचे इव्ह-जेरार इलूझ यांनी बोथट नळीने चरबी ओढून काढण्याची रीत बसवली. तरी रक्तस्राव बराच व्हायचा. १९८५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी (आडनाव तेच, माणूस वेगळा) युक्ती काढली : सलाईनमध्ये बधिर करणारे लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आवळणारे ॲड्रेनॅलिन अगदी पातळ करून मिसळायचे आणि चरबीत भरपूर भरायचे. भाग टणक फुगतो, बधिर होतो आणि रक्त फार कमी जाते. आज जगभर याच पायावर काम चालते.

तुम्हाला उभे करून पेनाने खुणा करतील, कारण आडवे झाले की चरबी जागा बदलते. मग काही मिलिमीटरचे छेद, त्यातून द्रव, थोडा वेळ थांबणे, आणि नंतर बारीक नळी मागे-पुढे करत चरबी ओढणे. छेद एवढेसे, म्हणून ‘टाके नाहीत, त्रास नाही’ अशी समजूत होते. आत मात्र नळीने पंख्याच्या आकारात शेकडो वेळा वाट काढलेली असते. जखम आतून मोठी असते, दिसत नाही इतकेच.

आता जिवाच्या भीतीचे. तुमचे घरचे अगदीच चुकीचे बोलत नाहीत, पण प्रमाण सांगत नाहीत. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जननी १९९० च्या दशकात केलेल्या सुमारे पाच लाख लायपोसक्शनची पाहणी २००० मध्ये छापून आली. मृत्यू ९५, म्हणजे साधारण पाच हजारांत एक. यांतले जवळजवळ चौथा हिस्सा मृत्यू फुप्फुसात रक्ताची गाठ अडकल्याने झाले होते. त्या खालोखाल नळी पोटात घुसून आतड्याला भोक पडल्याने. याउलट फक्त भाग बधिर करून, थोडी थोडी चरबी काढणाऱ्या त्वचातज्ज्ञांच्या साठ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या पाहणीत एकही मृत्यू नव्हता. तेव्हा धोका लायपोसक्शन या नावात नसतो. किती काढली, कोणत्या भुलीखाली, जोडीला आणखी कोणती शस्त्रक्रिया उरकली आणि कोणत्या जागी केली, यावर तो ठरतो. २०२२ च्या मे महिन्यात बेंगळुरूत चेतना राज या २१ वर्षांच्या कन्नड मालिकांतल्या अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. फुप्फुसांत पाणी साठल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले होते, आणि आपल्याला आधी कल्पनाच नव्हती असे घरच्यांनी सांगितले. म्हणून एक आग्रह : करायचे ते घरच्यांना सांगून करा. ते घाबरवतील, पण रात्री दम लागला तर रिक्षा तेच बोलावणार आहेत.

रात्रीचे मुद्दाम म्हटले. चरबीत भरलेले लिग्नोकेन रक्तात सावकाश उतरते आणि त्याची पातळी साधारण दहा ते चौदा तासांनी सर्वांत वर जाते. सकाळी शस्त्रक्रिया झाली तर ही वेळ येते रात्री, डॉक्टर घरी गेल्यावर. ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, चक्कर, बरळणे ही त्याची लक्षणे. त्या रात्री जवळ जाणते माणूस आणि हाताशी डॉक्टरचा स्वतःचा नंबर, रिसेप्शनचा नव्हे, असायलाच हवा. पुढच्या दिवसांत एकाच पोटरीला सूज आणि दुखणे, अचानक दम, ताप, कमी होण्याऐवजी वाढत जाणारी पोटदुखी किंवा कातडी काळसर पडणे यांपैकी काहीही झाले तर ‘सकाळी बघू’ म्हणायचे नाही. पहिले एक-दोन दिवस छेदांतून गुलाबी पाणी झिरपते, त्याला घाबरू नका. जुनी चादर अंथरा.

आता डॉक्टरांना काय सांगायचे ते. आपल्याकडे ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला बायका ठामपणे नाही म्हणतात, आणि ते खरेही असते. पण सकाळी मिश्री लावतात! मिश्रीत तंबाखू, तंबाखूत निकोटिन, आणि निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा घटून जखम भरायला अडचण येते. तेव्हा मिश्री, गुटखा, बिडी, सगळे सांगायचे आणि डॉक्टर सांगतील तितके आठवडे आधी सोडायचे. दुसरे, लग्नकार्यासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या. त्या काय किंवा कुटुंबनियोजनाच्या गोळ्या काय, रक्त गोठण्याच्या धोक्याशी संबंध असल्याने त्यांचा उल्लेख व्हायलाच हवा. ॲस्पिरिन, दुखण्यावरच्या गोळ्या, ‘ई’ जीवनसत्त्व, काढे-चूर्णे यांचीही यादी द्या; मनाने मात्र काहीच बंद करू नका. तिसरे, हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. तसे असेल तर आधी रक्त वाढवायचे, शस्त्रक्रिया मग.

तुमच्या बाबतीत आणखी एक तपासणी महत्त्वाची. दोन सिझेरियननंतर पोटाच्या भिंतीत हर्निया असू शकतो, बेंबीपाशी किंवा टाक्यांच्या जागी. तो लक्षात न घेता तिथे नळी घातली तर आतडे सापडू शकते. म्हणून सर्जनने हाताने तपासले पाहिजे, शंका आली तर सोनोग्राफी. पुष्कळदा बाळंतपणानंतरचे पोट हे चरबीपेक्षा पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर गेल्याने आणि कातडी सैल पडल्याने सुटलेले दिसते. लायपोसक्शनने स्नायू जवळ येत नाहीत आणि सैल कातडी घट्ट होत नाही. उशीतला कापूस काढला म्हणून अभ्रा लहान होत नाही, तसेच हे. अशा पोटासाठी टमी टक नावाची वेगळी आणि मोठी शस्त्रक्रिया असते.

डॉक्टर कोण, हे विचारायला संकोचू नका. एम.बी.बी.एस., मग एम.एस., मग तीन वर्षांचे एम.सीएच. किंवा तत्सम डीएनबी, हा प्लास्टिक सर्जनचा रीतसर मार्ग. नावामागे ‘कॉस्मेटिक’ लावले म्हणजे तो पूर्ण झाला असे होत नाही. कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून सौंदर्य शस्त्रक्रिया सुरू करण्याइतके शिक्षण होत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ मध्ये लेखी सांगावे लागले, यावरून काय ते समजा. नोंदणी खरी आहे का हे महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तपासता येते. रुग्णालयाची शुश्रूषागृह कायद्याखालची नोंदणी, दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद भिंतीवर लावलेली असायला हवी; २०२१ च्या नियमांनी ते बंधनकारक आहे. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असणार का, आयसीयू त्याच इमारतीत आहे का, नसेल तर कुठे नेणार, हे प्रश्न भांडखोर वाटले तरी विचारा. चांगला सर्जन त्यावर चिडत नाही. संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. स्वरूप, धोके आणि पर्याय समजावून घेतलेली संमती हीच खरी संमती, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितले आहे.

पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन करणाऱ्या सोलापूरकरांसाठी एक सूचना. शस्त्रक्रिया झाल्या संध्याकाळीच थोडे चालायला लावतात ते पोटरीत रक्त गोठू नये म्हणून. आणि आपण काय करतो, तर दुसऱ्या दिवशी अडीचशे किलोमीटर गाडीत पाय मुडपून परत येतो. तसे करू नका. काही दिवस तिथेच नातेवाइकांकडे राहा, निघायचा दिवस डॉक्टरांना विचारून ठरवा आणि वाटेत उतरून चाला. पुढे टाके, सूज, पाणी साठणे यांसाठी फेऱ्या पडतात. इथे रात्री काही झाले तर कोण बघणार, हेही आधीच ठरलेले असावे.

नंतर चार ते सहा आठवडे घट्ट दाबपट्ट्याचा पोशाख जवळजवळ दिवसभर घालावा लागतो. सोलापुरात चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर असताना हे किती सुखाचे असेल, ते मी सांगायला नको. दोन पोशाख घ्या म्हणजे एक धुता येईल, आणि शक्यतो हिवाळा निवडा. नळाला पाणी यायचा दिवस असला तरी हंडे-बादल्या उचलायच्या नाहीत. मैत्रीण तिसऱ्या दिवशी हिंडत-फिरत होती हे ठीकच आहे, चालायलाच सांगतात. पण बधिरपणा आणि कडकपणा कित्येक आठवडे राहतो आणि खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने जातात.

तेव्हा ताई, माझे मत स्पष्ट आहे. या लग्नासाठी लायपोसक्शन करू नका. दोन महिन्यांनी तुम्ही सुजलेल्या असाल, काट्यावर तीन किलोंचा फरक असेल आणि साखर होती तिथेच. आत्ता चांगला टेलर गाठा, साखरेच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि एखाद्या सर्जनकडून पोट फक्त तपासून घ्या. वर्षभरात वजन खाली येऊन स्थिरावले आणि तरीही कंबरेची वळी छळत असेल, तर हाच प्रश्न पुन्हा विचारा. तेव्हा उत्तर वेगळे असू शकेल.

प्रश्न : माझा आरोग्य विमा आहे. लायपोसक्शनचा खर्च त्यातून मिळेल का? सोबत जीएसटी का लावतात?
— एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया विमा पॉलिसीत वगळलेलीच असते. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची दुरुस्ती हा अपवाद. जीएसटीचा न्याय तोच. रुग्णोपचाराला सहसा कर नसतो, पण कॉस्मेटिक शस्त्रक्रिया त्या सवलतीतून बाहेर ठेवली आहे. जन्मजात व्यंग किंवा इजा दुरुस्त करायची असेल तर मात्र सूट मिळते. म्हणून ‘पॅकेज’चा आकडा ऐकून खूश होऊ नका. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, औषधे, पोशाख, कर आणि काही बिघडले तर जादा मुक्कामाचा खर्च, हे वेगवेगळे लिहून घ्या. शेवटचा आकडा बहुतेक पॅकेजांत नसतोच. आणि ‘आज बुक केल्यास सवलत’ असे जिथे म्हणतात, तिथून उठून यावे.

प्रश्न : वय २२. पोलीस भरतीची तयारी करतोय. अंग बारीक आहे, पण छाती मुलींसारखी दिसते. छाती मोजताना शर्ट काढायची लाज वाटते. जोर-बैठकांनी जाईल की लायपोसक्शन करावे?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : मित्रा, लाजण्यासारखे यात काही नाही. याला गायनेकोमास्टिया म्हणतात आणि ते बऱ्याच मुलांत असते. वयात येताना झालेले बहुधा एक-दोन वर्षांत आपोआप ओसरते. बाविसाव्या वर्षीही राहिले असेल तर जोर काढून जाणे अवघड, कारण बोंडाखाली चरबीखेरीज ग्रंथीही वाढलेली असते. व्यायामाने ग्रंथी आटत नाही. उलट खालचा स्नायू फुगून ती आणखी पुढे दिसू शकते. नुसत्या नळीनेही ती पुरती निघत नाही. म्हणून लायपोसक्शनसोबत बोंडाच्या कडेने छोटा छेद घेऊन ग्रंथी काढतात. निकाल चांगला लागतो, पण काही आठवडे जड व्यायाम बंद ठेवावा लागतो, तेव्हा भरतीची तारीख बघून ठरव.

त्याआधी कारण शोधायला हवे. जिममध्ये कोणी स्टेरॉइडची इंजेक्शने दिली असतील तर डॉक्टरांना खरे सांग; कारण चालूच राहिले तर शस्त्रक्रियेनंतर छाती पुन्हा वाढू शकते. काही औषधे, यकृताचे आजार आणि हार्मोनचे बिघाड यांनीही असे होते. साध्या तपासणीत आणि रक्त चाचणीत यातले बरेचसे कळते. मात्र गाठ एकाच बाजूला असेल, दगडासारखी कडक लागत असेल किंवा बोंडातून पाणी-रक्त येत असेल, तर भरती आणि लायपोसक्शन दोन्ही बाजूला ठेव आणि याच आठवड्यात सर्जनला दाखव.